विनोदची संमती

संघदीपचं कागदपत्रं वाचायचं मोफत ॲप होतं. त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला. यंदा त्यानं पानं दाखवणारी जुनी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, काढून नवी बसवली. जुन्या लायब्ररीच्या कडक अटी सुटल्या, तसा ॲपचा कोड इतरांनी वापरायचा परवानाही सैल करायचं त्यानं ठरवलं. त्यासाठी कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाची संमती हवी होती. आसेगावचा त्याचा दोस्त विनोद नाही म्हणेल, या धास्तीनं संघदीपनं त्याला विचारलंच नाही. त्याचा पान पलटायचा कोड गुपचूप काढून स्वतःच नव्यानं लिहिला.

पुढं आसेगावला गेला, तर विनोदची आई चंपाबाई मोबाइलवर त्याच ॲपमध्ये वंदनेचं पुस्तक वाचत होती.

"पाह्य बापू, बोट लावलं का पान कसं पलटते! हे माह्या विनोदनं केलं."

संघदीपला मान वर करवेना.

"हो माय, म्याच केलं," विनोद म्हणाला.

मग तो संघदीपला फाट्यापर्यंत सोडायला आला. एसटी दिसली तेव्हा हळूच बोलला, "नवा कोड पाह्यला म्या. इचारलं असतं, त हो म्हटलं असतं ना बे."