येते गं

चितेगावच्या अलीकडं, कडुलिंबाखाली, मोनिकाची व्हॅन आज पुन्हा बंद पडली. बॅटरी नवी, इग्निशनची कॉइल नवी, वायरिंगही दोनदा तपासलेलं. तरी गाडी अडायची ती याच झाडापाशी.

पहिल्यांदा अडली तेव्हा सासूबाई, आवडाबाई, सावलीत बसल्या होत्या. उठताना सवयीनं म्हणाल्या, "येते गं." सावलीत दुसरं कुणीच नव्हतं.

"आज तरी नारळ ठेव," शेजारच्या सीटवरून आवडाबाई कुजबुजल्या.

"नाय ठेवत, आत्या." मोनिकानं काच खाली घेतली आणि झाडाकडं तोंड करून ठणकावलं, "ऐक गं! मी जाते. परत येणार नाय!"

"अगं, जाते म्हणू नये!"

मोनिकानं किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू झाली.

"बघितलं?" ती हसली.

झाड मागं पडलं आणि टिंग-टिंग सुरू झालं. मागं बसलेल्यानं पट्टा लावला नाही की गाडी अशी वाजते. मागची सीट रिकामी होती.

आवडाबाईंनी डोळे मिटून घेतले. मोनिकानं आरशात पाहिलंसुद्धा नाही.

"बसलीच आहेस ना, मग पट्टा लाव!" ती ओरडली.

मागं खट्कन आवाज झाला, आणि टिंग-टिंग थांबलं.