झिजलेले ठिपके

धुळानं सुतळी सोडली, दोन पुठ्ठे बाजूला केले आणि मधला कागद चनमल्लप्पा मास्तरांच्या हातात दिला.

"जपून धरा मास्तर. लई झिजलाय. ठिपकं समदं बसल्यात."

अंधशाळेची दुपारची सुट्टी होती. मास्तरांना दिसत नव्हतं, धुळालाही नव्हतं. तेव्हा तोंडाकडे बघून काही ताडायची सोय दोघांनाही नव्हती. धुळा याच शाळेत ब्रेल शिकला, वेताच्या खुर्च्या विणायला शिकला आणि गेली वीस वर्षं सोलापुरातल्या कचेऱ्यांच्या खुर्च्या विणत होता. कागद त्याच्या बायकोचा, फुलाबाईचा. तीही याच शाळेतली.

"नवा उतरवून देतो की," मास्तर म्हणाले. "चांगल्या जाड कागदावर."

"नगं. त्यो तुमचा हुईल. तिनं टोचल्यालं ठिपकंच मागनं परत उठवा." धुळा थोडा थांबला. "रोज दिवेलागणीला वाचतो मी. दोन महिनं झालं, बोटाला काईच लागंना. घरात दुसरं कोण बोलतंय माज्याशी?"

स्वयंपाकाच्या बजाबाई चहाचे दोन ग्लास घेऊन आल्या. मास्तरांनी आपला ग्लास काठाशी दोन बोटांत धरला, तरी चटका बसला आणि त्यांनी तो टेबलावर ठेवला. धुळानं त्याचा सरळ मुठीत धरला.

"अवो भाऊ, काठाला धरा की! आत्ता चुलीवरनं उतरवलाय."

"मला न्हाय पोळत," धुळा जरा ऐटीतच म्हणाला. "वेत वडून वडून बोटं घट झाल्यात."

"घट कशाची? ह्यो बघा केवडा फोड आलाय शेंड्याला."

"कुटं?" धुळानं विचारलं.

बजाबाईंनी ग्लास त्याच्या मुठीतून काढून टेबलावर ठेवला.

मास्तर दरवर्षी नव्या पोरांना सांगत, की बोटाच्या टोकाला कातडीखाली बारीक पेशी असतात, पहाऱ्यावर बसल्यासारख्या. कागदावरचा ठिपका लागला की त्या आत वर्दी देतात. त्या आहेत म्हणून आपण वाचतो, नाहीतर कागद नुसताच कागद. धुळानंही हे कधीतरी पहिल्या बाकावर बसून ऐकलं असणार. बजाबाई गेल्यावर मास्तरांनी बोट कागदावर टेकवलं.

ठिपके चांगले उभे होते. मोहरीच्या दाण्यासारखे एकेक बोटाला लागत होते. 'तिखटाची बरणी फळीवर, डाव्या हाताला. दार लावून निजा. आईला बरं वाटलं की येते.' शेवटच्या शब्दावर फुलाबाईनं ठिपके पाडायचा टोचा इतका जोरात दाबला होता, की तिथं कागदाला भोक पडलं होतं. करकंबला, माहेरी, आई बरी झाली. फुलाबाईच गेली, दुष्काळाच्या साली.

मास्तर म्हणजे खोटं बोलणाऱ्या पोरांना जन्मभर बाकावर उभं केलेला माणूस. पण खरं काय आणि कसं सांगायचं ते त्यांना सुचेना.

"झिजलेत खरे," ते म्हणाले. "उठवून देतो."

फुलाबाईचा कागद त्यांनी हलकेच बाजूला ठेवला. ब्रेलच्या पाटीत एक रद्दी कागद अडकवला आणि टोचा चालवायला लागले. टक, टक, टक. धुळा मान खाली घालून ऐकत होता.

"हळू मारा मास्तर. फाटंल."

तीन ओळींना लागेल तेवढा वेळ मास्तरांनी टकटक केली. मग फुलाबाईचा कागद सुलटा करून त्याच्यापुढं ठेवला.

"झालं. आणि उद्या तो फोड दवाखान्यात दाखवायचा. मी येतो बरोबर."

"फोडाचं काय एवडं?" धुळानं बोट धोतराला पुसलं, कागदावर ठेवलं आणि सावकाश फिरवायला लागला. "तिखटाची बरणी फळीवर," तो म्हणाला. "व्हय. आता लागतंय. डाव्या हाताला. दार लावून निजा." आवाज भरून आला होता. "आन् हितं बगा, हितं भोक हाय. लई जोर लावायची. मी म्हनायचो, अगं कागदावर राग काडतीस का?"

मास्तरांनी हात पुढं करून चाचपलं. धुळाचं बोट शेवटच्या ओळीच्याही खाली होतं, कोऱ्या कागदावर.

"हाय न्हवं, मास्तर?"

धुळानं बोट तिथंच आणखी दाबलं.

"मास्तर, हितंच हाय न्हवं भोक?"

मास्तरांनी त्याचं मनगट धरलं, बोट दोन इंच वर सरकवलं आणि त्या भोकावर नेऊन ठेवलं.

"आता आहे," ते म्हणाले.

धुळानं बोट उचललं नाही. सुट्टी संपल्याची घंटा झाली, पोरं बाकांना धडकत आत आली, तरी तो तसाच बसून होता.