पाण्याचा गुण

"रोगराई हटवली ती आम्ही, शुद्ध पाणी देऊन! सुया टोचून नाही!" जलशुद्धीकरण केंद्रातून निवृत्त झालेले सासरे दारातच गरजले. तान्ह्या नातीला लस द्यायला आलेल्या नर्सच्या हातातली पेटी हिसकावून त्यांनी जिन्यावरून खाली भिरकावली.

"कॉलरा गेला तुमच्या पाण्यानं, बाबा. घटसर्प नाही गेला," सून बाळाला छातीशी धरून म्हणाली.

सासरे हात उगारून तिच्या अंगावर धावले. मुलगा मध्ये पडला, तर त्याच्या नाकावर असा ठोसा बसला की शर्ट रक्ताने भिजला. मग त्याचाही संयम सुटला. त्याने बापाला जोरात ढकललं. सासरे जिन्याच्या गंजक्या कठड्यावर आदळले आणि तुटका गज त्यांच्या दंडात घुसून कोपरापर्यंत फाडत गेला.

सून आतून तांब्या भरून घेऊन आली. "थांबा, तुमच्याच पाण्यानं धुते."

"नुसत्या पाण्यानं काय होतंय? गंज गेलाय आत! आधी दवाखान्यात चला, धनुर्वाताचं इंजेक्शन हवं!" सासरे दंड दाबून ओरडले.

 

"चला की," सून चपला शोधत म्हणाली, "बाळालाही घेते."