गाडेकर सरांचा नियम

"साहेब आले, सर. अन् नानापन हायेत संगं!" भिमाजी धापा टाकत वर्गात शिरला.

"येऊ देत. तू जागेवर बस," गाडेकर सर म्हणाले.

नाना म्हणजे शाळेचे चेअरमन. त्यांचा भाचा नुकताच बी.ए. झाला होता आणि त्याला इंग्रजीची जागा हवी होती. सरांच्या निवृत्तीला अजून दोन वर्षं होती. "मास्तर आता थकले," असं नानांनी तपासणीच्या बोऱ्हाडे साहेबांच्या कानावर आधीच घातलं होतं. सरांची नोकरी आजच्या शेऱ्यावर होती.

सर मात्र निवांत होते. हेच पुस्तक शिकवण्याचं त्यांचं सहावं वर्ष होतं.

राहात्याच्या त्या शाळेत आठवीचा वर्ग निम्माच भरला होता. दुष्काळाचं साल, बाकीची पोरं आईबापांबरोबर खडी फोडायला गेलेली. पाहुणे मागच्या रिकाम्या बाकावर बसले.

"एखादा सोपा शब्द शिकवा," साहेब म्हणाले. "'सी' घ्या."

सर मोजून चार पावलं चालत फळ्याशी गेले. डावं बोट फळ्याच्या कडेला टेकवून त्यांनी एकाखाली एक दोन वाक्यं लिहिली. ओळी सरळ, अक्षर वळणदार.

"'आय सी अ हिल.' मला टेकडी दिसते. पण कुणी काही समजावलं आणि आपण नुसतं 'आय सी' म्हणालो, तर काय पाहिलं?"

"मी मनकर्णा, सर. कायबी न्हाई पाह्यलं. कळलं, असं म्हनायचं."

उत्तर देणाऱ्यानं आधी नाव सांगायचं, हा सरांच्या वर्गाचा नियम होता.

"मी भिमाजी, सर. आमच्या आज्याला दावनीची म्हस दिसती, पर चारा न्हाई तर ती छावनीत न्यावी, हे दिसत न्हाई. त्याला कंचं 'सी' येतं?"

वर्ग हसला. सरही हसले. "पहिलं येतं. दुसरं शिकतील हळूहळू. पण आजोबांना सांगू नकोस हो."

"तोंडी कुनीबी सांगंल," नाना मागून गुरगुरले. "पुस्तकातलं वाचा म्हनावं."

भिमाजीनं टेबलावरचं खाकी कव्हराचं पुस्तक घाईघाईनं उघडून सरांच्या हातात दिलं. सरांनी चौथा धडा वाचला. कुठं अडखळले नाहीत. योग्य जागी पान उलटलं. ऐकता ऐकता साहेब उठून टेबलापाशी आले, बराच वेळ तिथंच उभे राहिले आणि मग त्यांनी शेरा लिहून नानांना मोठ्यानं वाचून दाखवला.

"'असा इंग्रजीचा वर्ग मी तालुक्यात पाहिला नाही. या शिक्षकांना निवृत्तीपर्यंत याच वर्गावर ठेवावे.'"

नाना वहाणा आपटत निघून गेले.

साहेब मात्र सरांच्या अगदी जवळ आले.

"मी बोऱ्हाडे, सर," ते हळू आवाजात म्हणाले, आणि सरांच्या हातातलं उलटं पुस्तक त्यांनी सुलटं करून दिलं.