आज नको

मनकर्णाने धुळाप्पाच्या उजव्या पोटरीवर हात ठेवला आणि बराच वेळ तो उचलला नाही. पोटरी गरम होती. तिने टेप गुंडाळून माप घेतलं, मग डाव्या पायाचं घेतलं. उजवा पाय दोन बोटं जास्त भरला. अंगठ्याने दाबल्यावर धुळाप्पाने दात आवळले.

आजूबाजूच्या खाटांवरची बोलणी थांबली होती. ती पाय तपासायला लागली की वॉर्ड असाच गप्प व्हायचा. तिला त्याची सवय झाली होती.

"आज नको," ती म्हणाली. पांघरूण नीट केलं आणि पुढच्या खाटेकडे वळली.

पायथ्याशी धुळाप्पाची बायको निंगव्वा उभी होती. आज तुझ्या नवऱ्याला उभं करू, असं बाईंनीच काल सांगितलं होतं, म्हणून तिने त्याला धुतलेला सदरा घातला होता. तिने आपल्या मामाकडे पाहिलं. चनमल्लप्पा गावाहून तिच्या सोबतीला आला होता आणि या दवाखान्याची सगळी रीत त्याला ठाऊक होती. म्हाताऱ्याने मान खाली घातली.

धुळाप्पा मागावर कामाला होता. टाचेत लोखंडी पट्टी घुसली आणि आठव्या दिवशी धनुर्वात झाला. वीस दिवस त्याला अंधाऱ्या खोलीत ठेवलं होतं. पावलांच्या आवाजानेसुद्धा त्याचं अंग कमानीसारखं वाकायचं. श्वासासाठी गळ्याला भोक पाडून नळी घातली होती. आता झटके थांबले होते, नळी निघाली होती, पण पाय काठीसारखे झाले होते.

चौऱ्याहत्तर सालच्या सोलापुरात अशा रोग्याला महिना महिना हलवत नसत. मनकर्णा व्यायामोपचार शिकून मुंबईहून आली होती. पडून राहिलेला माणूस पडूनच खचतो, हे तिने डॉक्टरांना हट्टाने पटवलं होतं. रोज सकाळी ती प्रत्येकाची नाडी, श्वास, पाय बघायची. ज्याला झेपेल त्याला बसवायची, उभं करायची. ज्याला झेपणार नाही त्याला आज नको म्हणायची.

नको म्हटलेल्यांपैकी काहींच्या खाटा दुसऱ्या दिवशी रिकाम्या असत. हे वर्षभरात तिच्या लक्षात आलं होतं. तिने कधी विचारलं नाही. त्या वॉर्डात खाट का रिकामी झाली, असं कुणीच विचारत नसे.

डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. ती दाराबाहेर दुपारपर्यंत थांबली. पायात रक्ताची गाठ झाली असेल तर ते डॉक्टरांनी सांगायचं, रोग्यासमोर आपण तोंड उघडायचं नाही, अशी तिला ताकीद होती. डॉक्टर आले, त्यांनी ऐकलं आणि इंजेक्शन लिहून दिलं. "आठ दिवस पाय खाटेखाली नको," म्हणाले.

ती कागद घेऊन परतली तेव्हा धुळाप्पाची गादी गुंडाळलेली होती.

"सही करून नेलं," सिस्टर म्हणाली. "आत्ताच."

मनकर्णा फाटकाकडे धावली. बाहेर चादरीच्या गठ्ठ्यांचा टेम्पो सुरू करून उभा होता. स्ट्रेचर रस्त्यावर टेकवलेलं होतं. दोन माणसं धुळाप्पाला काखेत धरून उठवत होती. त्याचा उजवा पाय मातीच्या दिशेने खाली येत होता.

"पाय टेकवू नका. आडवं करा त्याला."

आवाज चढलेला नव्हता, तरी सगळे थांबले. त्यांनी त्याला पुन्हा निजवलं.

"कुठे नेताय?"

"घरी," निंगव्वा म्हणाली. "मरायचंच हाय तर आपल्या दारात मरू दे की, बाई."

"मरणार म्हणून कोण म्हणालं?"

"तुमीच." निंगव्वाचे डोळे कोरडे होते. "तुमी उठिवता त्यो जगतो. तुमी नको म्हणून फुडं गेला, की त्यो ऱ्हात न्हाय. आख्ख्या वार्डाला ठाव हाय. मामांनी मला पयल्याच दिवशी सांगितलं हुतं. असल्या माणसाला लोक घरी नेत्यात."

मनकर्णाला त्या रिकाम्या खाटा एकामागून एक दिसल्या. तिने टेम्पोच्या फळीला हात टेकला.

"आज नको म्हणजे फक्त आज नको," ती म्हणाली. "पायात रक्ताची गाठ झालीय. उभं केलं तर ती छातीत जाईल. औषधाने सूज उतरली की मी त्याला उठवणार आहे. पुढच्या गुरुवारी."

टेम्पोवाल्याने इंजिन बंद केलं. निंगव्वा एकदा मनकर्णाकडे आणि एकदा नवऱ्याकडे बघत राहिली. चनमल्लप्पाने पुढे होऊन स्ट्रेचरचे डोक्याकडचे दांडे धरले. वॉर्डापर्यंत पोचेस्तोवर त्याने दुसऱ्या कुणाला दांडे दिले नाहीत.

त्या संध्याकाळी मनकर्णा पुन्हा सगळ्या खाटांवरून फिरली. ज्यांना नको म्हटलं होतं त्यांच्या माणसांना तिने एकेक करून वार सांगितला आणि तो का, तेही सांगितलं.

गुरुवारी पोटरी मऊ लागली. माप सारखं भरलं. तिने धुळाप्पाचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि त्याला उभं केलं. तो खिडकीपर्यंत सहा पावलं चालला. निंगव्वा त्याच्यापुढे हात पसरून उलटी चालत होती, पहिली पावलं टाकणाऱ्या पोरापुढे आई चालते तशी. समोरच्या खाटेवरचा रोगी हसला.

चनमल्लप्पा आत आला नव्हता. मनकर्णा हात धुवायला व्हरांड्यात गेली तेव्हा तो पायरीवरून उठला.

"बाई, नागपंचमीला माझा ल्योक सिद्राम हितंच हुता. तापानं पडलेला. तुमी आज नको म्हणाला, आन् मी त्याला घरी नेला. तिसऱ्या दिशी गेला. त्याला कंच्या वारी उठिवणार हुता?"