नर कोकम

"नराचं झाड छान वाढलंय. पानंही तुम्ही रंगवलीत तशीच आलीत," मादागास्करच्या प्रयोगशाळेतून संदेश पेडणेकर फोनवर सांगत होता.

"आणि फुलं?" हेमांगी तिरोडकरांनी विचारलं.

"आली. पण ताई, त्यांत पराग नाहीत. मादीला बी धरणार नाही."

झाडांच्या रोगाच्या साथीनंतर जिवंत रोप समुद्रापार न्यायला बंदी होती. जायचं ते फक्त चित्र. तिथलं यंत्र चित्रात असेल तेवढंच झाड वाढवायचं, म्हणून चित्रकाराला फुलाच्या आतलंही रंगवावं लागे. वेंगुर्ल्यातलं शेवटचं कोकम हेमांगीताईंच्या अंगणात वाळत चाललं होतं. ते मादी झाड होतं. त्याचं चित्र त्यांनी समोर बघून काढलं. नराला फळ धरत नाही म्हणून लोकांनी नर झाडं केव्हाच सरपणाला तोडली होती. त्यामुळे नराचं चित्र आठवणीतून काढावं लागलं.

"नराचं फूल कधी उघडून पाहिलं होतंत?"

"नाही रे. आम्ही फळं वेचायला मादीखालीच जायचो. गावात कुणीतरी पाहिलं असेल. विचारते."

त्या घरोघर फिरल्या. म्हाताऱ्यांनी फळाचा रंग सांगितला, आंबटपणा सांगितला, सोलकढीच्या आठवणीने एकीचे डोळे भरले. नराचं फूल मात्र कुणालाच आठवेना.

घरी येऊन त्यांनी नवा कागद ताणला, पिवळा रंग कालवला आणि फुलाच्या पोटात अंदाजाने ठिपके द्यायला सुरुवात केली.