सागवानी कप्पी

गाडीमागे जोडून न्यायच्या जुन्या फोल्डिंग कॅम्परचं छप्पर अर्ध्यावर लटकलं होतं. त्याखाली यतिन उकिडवा बसून वायर कप्पीवर चढवत होता आणि बाहेर त्याची बायको मयूरा सगळा जोर लावून हँडल धरून उभी होती. हँडलचा खटका तुटलेला. तिचा हात सुटला की छप्पर थेट त्याच्या डोक्यावर.

"कंपनी बंद झाली, पार्ट मिळत नाहीत म्हणालास. मग ही कप्पी कुठून आणलीस?"

"घरीच कापली. अस्सल सागवान आहे, जन्मात तुटायची नाही."

मयूराचे हात भरून आले होते. ऑस्ट्रेलियातल्या या अख्ख्या टूवूंबा शहरात सागवान तिला एकाच ठिकाणी माहीत होतं.

"यतिन, आईने दिलेला पोळपाट कुठाय?"

आतली ठोकाठोकी थांबली.

"मयू, हँडल दोन्ही हातांनी धरलंयस ना?"